चौघांचं एक नाव

मोडेमचा आवाज ज्याने ऐकलेला नाही, त्याला मी काय आणि कसं सांगू! आधी नंबर फिरल्याचे टुंग टुंग सूर, मग एक लांबच लांब शिट्टी, मग पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा खरखराट, आणि मग एकदम चिडीचूप. ते चिडीचूप झालं की मी खुर्ची पुढे ओढायचे. जोडलं गेलं! साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका फोनच्या बूथमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आपण आत्ता या क्षणी जगात कुठेही शिरू शकतो, या कल्पनेनं मला धड बसवायचंच नाही. आई म्हणायची, "तिथं जाऊन नुसतं टाइपिंग तर करतेस, मग घरी येताना एवढी लालेलाल होऊन का येतेस?" आता आईला काय समजावणार!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि दम धरणं हा गुण माझ्यात तेव्हाही नव्हता. बूथ होता आमच्या शेजारच्या सुभेदार काकांचा. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांना एस.टी.डी.-आय.एस.डी.चा बूथ मिळालेला. त्यांच्या पुण्याच्या जावयानं आपला जुना संगणक आणून तिथं ठेवला आणि साताऱ्यात इंटरनेट आलं. निदान आमच्या बोळापुरतं तरी आलं. संगणकावर काकांनी जवान रायफल झाकतो तशी काळजी घेऊन हिरवी शाल पांघरली होती. ती शाल दूर करायचा मान फक्त त्यांचा.

आत शिरलं की गप्पांच्या खोल्या असायच्या. खोलीच म्हणायचे. उजव्या बाजूला सगळ्यांच्या नावांची रांग, डावीकडे बोलणं सरसर वर सरकतंय. लग्नाच्या मांडवात कुणी कुणाला ओळखत नसूनही सगळे एकदम बोलतात ना, तसं. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: वय काय, बाई की पुरुष, राहतेस कुठं? आमच्या बाई, म्हणजे आमच्याच बोळात राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्यांदा आल्या तेव्हा भडकल्याच. "हे काय जनगणनेवाले आहेत का? आधी नमस्कार तरी म्हणा!" असं त्यांनी खरोखर टाइप केलं, आणि समोरच्यानं खरोखर नमस्कार म्हटला. त्या दिवसापासून बाई रोज येऊ लागल्या.

आता मुख्य गोष्ट. आत शिरायचं तर खातं लागायचं, आणि खातं उघडायचं तर मोठा फॉर्म. तो भरत आला की लाइन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. काकांनी मोठ्या चिकाटीनं एकदा एक खातं उघडलं. नाव ठेवलं 'सातारा चौकी', आणि जाहीर केलं, "ह्येच समद्यांचं."

मी म्हटलं, "काका, प्रत्येकाचं वेगळं असतं हो."

"अगं पोरी, वायरलेसवर नाव चौकीचं असतंय, मानसाचं न्हवं. ड्यूटीवर जो हाय त्यो बोलनार. पलीकडच्याला काय करायचंय कोन हाय त्ये? मेसेज पोचला, खेल खतम!"

आणि गंमत अशी की बोळात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. का वाटावं? आमच्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिकांवर काकांचाच फोन नंबर छापलेला असायचा, पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजारचा, पण निरोप आमचा. नोकरीच्या अर्जावर तोच, दवाखान्याच्या कागदावर तोच. अख्ख्या बोळाचा मिळून एक नंबर असू शकतो, तर अख्ख्या बोळाचं मिळून एक नाव का असू नये? आजकाल एकेका माणसाची पाच-पाच खाती असतात, आणि तो कुठल्या खात्यावर कोण आहे हे त्याचं त्यालाच आठवत नाही. आमच्याकडे उलटा कारभार होता.

तसे येणारे-जाणारे बरेच, पण चौकी खऱ्या अर्थानं चालवली चौघांनी. काका, बाई, मी, आणि महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला. त्याला सगळे दादाच म्हणत. पावसाळ्यात महाबळेश्वर बंद पडतं, पाहुणा फिरकत नाही, मग हा टॅक्सी घेऊन साताऱ्याला बहिणीकडे चार महिने येऊन राहायचा. एका बोटानं टाइप करायचा, पण असलं काही लिहायचा की पलीकडचे हसून बेजार. बोलणं मराठी पण अक्षरं इंग्रजी, त्यात काका सगळं कॅपिटल, मोठ्या अक्षरांत लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं कवायतीच्या मैदानावर उभे आहोत. बाई स्वल्पविरामसुद्धा विसरायच्या नाहीत. आणि मी? मी बडबड करायचे, दुसरं काय.

ती आली तेव्हा खुर्चीत मी होते. मराठी माणसांच्या खोलीत एक नवं नाव उमटलं, 'हळदीपान'.

मी तत्काळ लिहिलं, "तू सांगलीची."

"अय्या! कसं ओळखलंस?"

"वास आला."

ती हसली. म्हणजे हसल्याची अक्षरं आली, पण मला शपथेवर ऐकू आलं. ती अमेरिकेत राहत होती, नवरा पहाटेच कामावर जायचा, आणि आमची संध्याकाळ झाली की तिकडे तिची सकाळ व्हायची. चहाचा कप घेऊन ती यायची. तिचं नाव उजवीकडच्या रांगेत उजळलं की आमच्या बूथमध्ये दिवाळी! "आली, आली!" असं दादा रस्त्यावर जाऊन ओरडायचा. ड्यूटी बदलताना आधीचा पुढच्याला सगळा रिपोर्ट द्यायचा: आज तिला सर्दी आहे, काल तिची कढी फाटली, सासूचा फोन आला होता, त्याबद्दल विचारू नका. आणि पुढचा बसून जिथं सोडलं तिथून बोलणं उचलायचा. तिला वाटायचं मी उठून पाणी पिऊन आले असेन.

"तू म्हणजे अजब आहेस गं चौकी," तिनं एकदा लिहिलं. "एके दिवशी कर्नलसारखी हुकूम सोडतेस, दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेतल्या बाईंसारखी समजावतेस, तिसऱ्या दिवशी असली वात्रट होतेस की मला चहा गिळवत नाही. एका माणसात इतकी माणसं कशी राहतात?"

हे वाचून आम्ही चौघं खुशीत आलो. कुणाला शंकाही आली नाही की यात काही खटकावं असं आहे. उलट काकांनी मिशीला पीळ दिला. एरवीसुद्धा ते चौकीवर बसण्याआधी केस विंचरायचे, पलीकडे कुणाला काही दिसत नसताना! बाईंनी नवीन चष्मा केला. आणि बोळाचं तर विचारूच नका. तिच्याकडे वादळ आलं की आमच्याकडे खिडक्या लागायच्या. पिठाच्या गिरणीत दोन बायका भेटल्या तर पहिला विषय, हळदीपानचा पाय मुरगळला होता तो बरा झाला का? आमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, आणि ती आमच्या घरातली झालेली. मला तर जग हातात आल्यासारखं वाटत होतं. साताऱ्यातल्या मुलीला कोण विचारतं? पण इथं हजारो कोसांवर एक बाई रोज सकाळी उठून माझी वाट बघत होती! माझी म्हणजे आमची.

मग एके दिवशी तिनं ते सांगितलं. खुर्चीत बाई होत्या, आम्ही तिघं मागे उभे.

ती सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याची मुलगी. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, हळदीचं अडत दुकान. पुण्यात शिकायला असताना तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेरचं. वडील ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. बोलायचे थांबले, एवढंच. तिची आई आधीच वारलेली, त्यामुळे मध्ये पडणारंही कुणी नाही. ती सांगलीला फोन करायची, चुलतभाऊ उचलायचा आणि म्हणायचा, अण्णा बाहेर गेलेत. कधीही करा, अण्णा बाहेरच. शेवटी तिनं फोन करणं सोडून दिलं. "आता दिवाळीला भारतात यावं असं फार वाटतंय," तिनं लिहिलं. "पण अण्णांनी दार उघडलं नाही तर मी काय करू? परत कशी जाऊ?"

बाईंचे डोळे भरून आले. चष्मा काढून त्यांनी पुसला आणि लिहिलं, आधी माफी मागणारं सविस्तर पत्र पाठव, बाळ. दुसऱ्या दिवशी काका बसले आणि सगळ्या मोठ्या अक्षरांत म्हणाले, पत्र-बित्र काही नाही, सरळ चाल करून ये, दारात उभी राहा. तिसऱ्या दिवशी मी तणतणले, तू काय गुन्हा केलास, अजिबात वाकू नकोस. आणि दादानं लिहिलं, तू बिनधास्त ये, मी टॅक्सीनं सांगलीला सोडीन, दार नाही उघडलं तर तशीच महाबळेश्वरला नेईन. ती बिचारी गोंधळून गेली. "चौकी, तू मला वेड लावणार आहेस," असं तिनं लिहिलं. तिनं खरंच एक पत्र लिहायला घेतलं होतं, मग फाडलं, मग तिकिटाची चौकशी केली, मग तीही सोडली. आम्ही चौघांनी मिळून तिला गरागरा फिरवली होती.

आणि मग ती म्हणाली, "तूच जा ना सांगलीला. एकदा अण्णांना भेट. जगात मी हे फक्त तुला एकटीला सांगितलंय. तू मुलगी आहेस, तुला ते दारातून परत पाठवणार नाहीत. एवढं माझ्यासाठी कर."

'तुला एकटीला' हे शब्द पडद्यावर तसेच होते.

"आता मात्र हिला खरं सांगायला हवं," बाई म्हणाल्या.

काकांना पटेना. "त्यात सांगायचं काय हाय? चौकी म्हंजी चौकी! आमी कवा म्हनलो एकच मानूस हाय म्हनून?"

"एक न्हाई म्हनून बी कवा सांगितलं, काका?" दादा म्हणाला.

मी लिहिलं. सगळं लिहिलं: आम्ही चौघं आहोत, हे नाव म्हणजे आमचा पी.पी. नंबर आहे, फसवायचं मनात नव्हतं. मग उत्तर आलं, "म्हणजे आईबद्दल बोलले ते कुणी वाचलं?"

"सगळ्यांनी."

"आणि ज्या दिवशी मी रडत होते?"

मी 'हो' लिहिलं. उजवीकडच्या रांगेतून हळदीपान गेलं आणि परत काही उजळेना. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. आम्ही माफीचे निरोप टाकून ठेवत होतो, ते विहिरीत दगड टाकल्यासारखे जात होते. दादा रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि हात हलवत परत यायचा. गिरणीतल्या बायका विचारायच्या, मी काहीतरी थाप मारायचे. तिचा पाय बरा झाला का हे बोळाला ठाऊक असावं, हे कुणी ठरवलं होतं? मला राग यायचा. काकांचा, त्या मशीनचा, पत्र फाडणाऱ्या तिचासुद्धा. सगळ्यांत जास्त भीती वाटायची की हिची दिवाळी आता आमच्यामुळे हुकणार. अण्णांनी दार बंद केलं होतं, आणि आम्ही तिची खिडकी घालवली.

एका सकाळी काका संगणकाची शाल न काढताच बाहेर आले. "तिनं एक काम सांगितलं हुतं. त्ये ऱ्हायलंय. उठा समदी."

काका बूथवर थांबले. दादाच्या टॅक्सीतून बाई आणि मी निघालो. पावसानं रस्ता धुऊन काढला होता. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा. दादा वाटभर गाणी म्हणत होता, बाई मनातल्या मनात भाषण तयार करत होत्या आणि मी मैलाचे दगड मोजत होते. काय माणूस असेल? हाकलून देईल?

दुकानाचं नाव तिनं बोलता बोलता कधीतरी सांगितलेलं होतं, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. सांगलीत हळदीच्या अडत्याचा पत्ता विचारला तर दोन माणसं बरोबर चालत येतात. आत पाऊल टाकलं तर जमीन पिवळी, भिंती पिवळ्या, हमालांचे पाय पिवळे. पांढऱ्या गादीवर पांढऱ्या टोपीतले अण्णा बसले होते, आणि समोरच्या व्यापाऱ्याबरोबर एका रुमालाखाली हात घालून गप्प होते. तिथे जुन्या मंडळींचा भाव असाच ठरतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडानं अवाक्षर काढायचं नाही. आजूबाजूला माणसं उभी असतात, कुणालाही कळत नाही. सौदा पटला, रुमाल निघाला, आणि अण्णांनी आमच्याकडे पाहिलं.

बाई तयार केलेलं भाषण विसरल्या. मीच म्हटलं, "आम्ही साताऱ्याहून आलो. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी."

त्यांचा चेहरा हलला नाही. हमालाला म्हणाले, "पानी द्या ह्यास्नी." मग आम्हाला घरी नेलं. जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून घाईनं पानं वाढायला लावली, आणि जेवताना मुलीबद्दल एक शब्द नाही. पण मशीनबद्दल प्रश्नावर प्रश्न! ते कसं चालतं, कुणीही शिरतं का, तिथं बोलणारा खरा की खोटा हे कसं कळतं?

"तोंड दिसत न्हाई, आवाज न्हाई. मग इस्वास कसा ठिवायचा?"

"तुम्ही रुमालाखाली ठेवता तसाच," बाई म्हणाल्या.

अण्णा पहिल्यांदा हसले. "बाई, रुमालाखाली बोटं तरी खरी असत्यात."

मग त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "रोज येती ती?"

"यायची," मी म्हटलं. "आता आमच्यावर रागावली, बोलायचीच थांबली."

"हं. त्ये माझ्याकडनं घेतलंय तिनं." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. निघताना मी धीर करून सांगितलं की सांगलीतही आता असा संगणक आहे, तिथूनही बोलता येईल. "इथं नगं," ते म्हणाले. "पेठेतली पोरं बसत्यात तिथं."

परतताना दादानं एकही गाणं म्हटलं नाही. बाईंनी तर जाहीर करून टाकलं की पालथ्या घड्यावर पाणी. पण मला मात्र का कोण जाणे, वाटत होतं. 'इथं नगं' म्हणणारा माणूस कुठंतरी हवं असं मनात म्हणतोच ना?

आणि खरंच! त्यानंतरच्या बाजार बंद असलेल्या दिवशी दुपारी दादा धावत आला, अंगानं अर्धा भिजलेला. "आलं! म्हातारं आलं! यष्टी स्टँडवर छत्री घिऊन हुबं हाय!" मी ओरडलेच. काकांनी ताबडतोब चौकीवरून निरोप टाकला: अण्णा साताऱ्यात आलेत, आज संध्याकाळी इथं बसणार आहेत, ये. ती निरोप वाचेल का, वाचून येईल का, कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी बाईंच्या ओसरीवर बसून बरोबर आणलेला डबा दिवस मावळायच्या आत संपवला आणि वेळेच्या आधीच बूथवर येऊन बसले. धोतर सावरत खुर्चीच्या कडेला टेकले. मी शेजारच्या स्टुलावर, टाइप करायला.

शिट्टी, खरखराट, चिडीचूप. आम्ही उजवीकडच्या रांगेकडे डोळे लावून बसलो. नावं येत होती, जात होती. अण्णा प्रत्येक वेळी विचारायचे, "ही का?" मी मान हलवायचे. काका येरझाऱ्या घालत होते.

आणि उजळलं! हळदीपान!

मला टाळ्या वाजवाव्यात की रडावं हे कळेना. मी लिहिलं, "आलीस! अण्णा इथं माझ्या शेजारी बसलेत."

"कशावरून?" तिनं लिहिलं.

मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी घसा साफ केला. "तिला म्हनावं, मी आलोय." मी लिहिलं.

"आधी तुम्ही एकाचे चौघं झालात. आता पाचवा आणलात? आणखी किती जण तिथं बसून हसताय माझ्यावर? अण्णा आणि साताऱ्याला? अण्णा माझ्यासाठी दुकानाची पायरी उतरले नाहीत कधी."

हे मी वाचून दाखवायला नको होतं, पण सुरू केलेलं वाक्य थांबवता येईना. अण्णांनी ऐकलं. मांडीवरच्या हाताची मूठ तेवढी वळली.

बाई घाईनं म्हणाल्या, "अण्णा, तिच्या लहानपणचं काहीतरी सांगा. फक्त तुम्हां दोघांना माहीत असलेलं. म्हणजे तिची खात्री पटेल."

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. बाई, काका, दादा, मी, आणि दाराशी जमलेली बोळातली चार डोकी. "घरातलं असं चव्हाट्यावर सांगायचं?" ते म्हणाले. "मी हाय ह्ये पटवायला? न्हाई जमायचं."

पडद्यावर अक्षरं आली. "जाते मी."

"थांब!" मी लिहिलं. नुसतं थांब, थांब, थांब. दुसरं काय लिहिणार? आम्ही शपथा घेऊ शकत होतो, पण चौकीच्या शपथेला आता कोण विचारतं? आम्हाला त्या खोलीत खरं ठरवणारं कुणीच नव्हतं. समोर बाप, पलीकडे लेक, मध्ये फक्त आमची अक्षरं, आणि तीच खोटी पडलेली. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

अण्णा उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी काकांच्या टेबलावरच्या फोनवर बोट ठेवलं. "ह्यो अमेरिकेला लागतो न्हवं?"

काका ताडकन उभे राहिले. "लागतो की! पन लाइन एकच हाय. फोन करायचा तर हिकडचं तोडाय लागंल."

म्हणजे तोडलं की ती गेली. आणि तिचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. इतक्या गप्पांत तिनं तो कधी दिला नव्हता, आणि शहाणपणा केला होता. मी लिहिलं: "नंबर दे. आम्ही इथून निघून जाऊ, मग तुझा फोन वाजेल. अण्णा नसतील तर ठेवून दे आणि पुन्हा कधी येऊ नकोस."

खोलीतली बाकीची माणसं आपापलं बोलत होती, कुणी कुणाला वय विचारत होतं, ती वाक्यं सरसर वर जात होती. तिचं नाव उजवीकडे तसंच. ज्यांनी तिला फसवलं त्यांनाच आता घरचा नंबर द्यायचा! मी असते तर दिला असता का? मी दिला नसता. दादा पुटपुटत होता, "दी गं बया, दी."

आकडे आले. एका ओळीत, नुसते आकडे, मागेपुढे एक शब्द नाही.

काकांनी ते हातावर उतरवले आणि मी कनेक्शन तोडलं. आम्ही तिच्या पडद्यावरून नाहीसे झालो. काकांनी काचेच्या केबिनचं दार उघडून अण्णांना आत उभं केलं, लांबलचक नंबर फिरवला, आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. दार उघडंच होतं. आम्ही सगळे तिथंच घोळका करून उभे, बाईंनी माझा दंड घट्ट धरलेला. पलीकडे घंटा वाजतेय हे अण्णांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मग ते थांबले. कुणीतरी उचलला होता.

अण्णा बोलेनात. इतक्या वर्षांनी बाप आपल्या लेकीला काय म्हणतो? आणि मग त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडलेच, अगदी घरातल्या घरात ओरडतात तसे:

"अगं, वळख ना पाळख! असा नंबर देत्यात व्हय कुनालाबी?"

पलीकडून हुंदका फुटला. तो इतका मोठा होता की दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू आला. अण्णांनी पाठ फिरवली, कपाळ काचेला टेकवलं आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. ते ऐकायला आम्ही सगळे नकळत एक पाऊल पुढे सरकलो. काकांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि हात लांब करून केबिनचं दार लावून घेतलं.